तीस दिवसांत काय लिहाल? झोनिंगचे नियम आणि आपण सोलापूरकर

मंडळी, विषय ऐकायला जड आहे, झोनिंग (म्हणजे शहरात कुठल्या जमिनीवर काय चालेल ते ठरवणं), डीपी, एफएसआय वगैरे, पण इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी झोन दाखला काढलाय, भाग नकाशा काढलाय, जुळे सोलापूरला नाहीतर होटगी रोडला प्लॉट बघताना एजंटला पहिला प्रश्न विचारलाय की यलो झोन, म्हणजे रहिवासाचा, आहे ना, ग्रीन, म्हणजे शेतीचा, तर नाही ना. म्हणजे विषय आपल्या घरातलाच आहे. फक्त तो पिवळा रंग नकाशावर कोण भरतं, कधी भरतं, आणि तो भरताना आपल्याला कुठं बोलता येतं, एवढंच आपण कधी विचारत नाही. आज तेवढंच बोलायचंय.

महाराष्ट्रात हे सगळं एमआरटीपी कायद्याखाली चालतं, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. शहराचा विकास आराखडा, म्हणजेच डीपी, करायचा, कुठं रहिवास, कुठं व्यापार, कुठं कारखाने, कुठं शेती, कुठं शाळेचं मैदान, कुठून डीपी रोड जाणार हे त्यात ठरवायचं, आणि वीस वर्षांत किमान एकदा त्याची सुधारणा करायची, असं कलम ३८ सांगतं. बांधकामाचे नियम, म्हणजे किती मजले, किती मार्जिन, किती पार्किंग, हे पूर्वी शहराशहरात वेगळे होते, आता डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, युडीसीपीआर म्हणतात ती.

एकच नियमावली झाली हे बऱ्याच बाबतीत चांगलं झालं, सामान्य माणसाला निदान एक पुस्तक उघडून बघता येतं. पण पुण्याला जे जमतं ते सोलापूरच्या साखर पेठेत, दाजी पेठेत, नीलम नगरात जमेलच असं नाही आणि माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. झोनिंग या कल्पनेच्या मुळाशी असं धरलेलं असतं की माणूस एका ठिकाणी राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी कामाला जातो. आपलं निम्मं शहर तसं नाहीच ओ. पूर्व भागात खाली चार माग, वर घर, मागच्या खोलीत कांड्या भरणं चालू, आणि शेजारच्या घरात बाई उंबऱ्याशी बसून विड्या वळते. चादर आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा आपल्याला अभिमान आहे, पण ती चादर ज्या घरात विणली जाते त्या घराचा रंग नकाशावर पिवळा आहे, आणि पिवळ्या झोनमध्ये कुठला उद्योग चालेल, रस्ता किती रुंद पाहिजे, जागा किती, हॉर्सपॉवर किती, यावर बंधनं असतात. मग तो मागवाला बेकायदेशीर आहे का? तो तर आराखड्याच्या आधीपासून तिथं आहे.

म्हणून मी सारखं म्हणतो की आराखड्याची सगळ्यात महत्त्वाची पायरी कलम २५ ची आहे, तिच्याकडं कुणी बघत नाही. आधी महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, मग नगररचना अधिकारी शहराचा सर्व्हे करून आज जमीन कशी वापरली जातेय त्याचा नकाशा करतात, विद्यमान जमीन वापर नकाशा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. सर्व्हेवाला माणूस गल्लीतून गेला, त्याला वरचं घर दिसलं, खालचे माग बंद शटरमागं होते, त्यानं रहिवास लिहिलं, की झालं, पुढची वीस वर्षं ते रहिवासच. या नकाशावर हरकती मागवा असं कायदा सक्तीनं सांगत नाही, हरकती मागवतात त्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्यावर. पण महापालिकेनं स्वतःहून तो लोकांसमोर ठेवायला कुणाची मनाई नाही. मुंबईत नव्या आराखड्याच्या वेळी तो नकाशा आधी खुला केला होता आणि लोकांनी, संस्थांनी वॉर्डावॉर्डातल्या चुका शोधून दिल्या होत्या. आणि तरीसुद्धा २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा त्यात इतक्या चुका राहिल्या की एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्यानं करायला सांगावं लागलं. एवढी मोठी महापालिका, एवढी साधनं, तरी ही गत, मग आपण किती जागं राहिलं पाहिजे.

सोलापूरनं तर हे जास्तच मनावर घ्यायला पाहिजे, कारण १९९२ ला हद्दवाढ झाली आणि शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. आजूबाजूची गावं आत आली, शेतजमिनी आत आल्या, आणि रस्ता-ड्रेनेज पोचायच्या आधी गुंठा-गुंठा विकला गेला. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती या अशाच वस्त्या नियमित करण्यासाठी आहे. हद्दवाढ भागातल्या माणसाला विचारा, त्यानं गुंठा घेतला कारण मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याच्या पगारात बसत नव्हता. नियम लिहिताना ही गोष्ट विसरली की नियम कागदावर राहतो आणि वस्ती नियमाबाहेर वाढते.

आणि जी वस्ती नियमात बसवली ती कुठं गेली बघा. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, मग रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. फार मोठं काम आहे ते, त्या बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेलं, माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे कामगार सोलापूरचे, बाजार सोलापूरचा, दवाखाना सोलापूरचा, आणि शहराचा आराखडा त्यांच्या दारापर्यंत जातच नाही. शहराच्या आत, मिलच्या मोकळ्या जमिनी असताना, कामगाराला परवडेल अशी जागा का निघाली नाही, हा प्रश्न आराखड्याच्या वेळी विचारायचा असतो, नंतर विचारून उपयोग नसतो. इंडस्ट्रियल झोनची जमीन रहिवासाला वापरायची तर नियमाप्रमाणं काही भाग सुविधा क्षेत्र म्हणून, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी, सोडावा लागतो. त्या भागाचं पुढं काय झालं, कुणाला मिळाला, हे विचारत राहणं आपलं काम.

आता एफएसआयचं थोडं, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं. युडीसीपीआरमध्ये गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे आणि वरचं प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय), टीडीआर (दुसऱ्या जागेचा इथं वापरायला मिळणारा बांधकामाचा हक्क) हे सगळं रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर ते वरचं काही नाही, तीस मीटर असेल तर तीनपर्यंत जातं. म्हणजे तुमच्या गल्लीचं भविष्य ती किती रुंद दाखवली यावर ठरतं. नकाशावर गल्ली नऊ मीटरची दाखवली की मागं मोठा प्लॉट असलेल्याला आनंद आणि पुढच्या छोट्या घरवाल्याची पुढची खोली गेली, जिथं त्याचा माग आहे. दोघंही सोलापूरकर, दोघांचं म्हणणं खरं, म्हणून हे बंद खोलीत ठरू नये, दोघांना समोरासमोर बसवून ठरावं असं माझं ठाम मत आहे. आणि मजले वाढवा म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा की पाणी कुठून देणार, कारण उजनी भरलेलं असतानासुद्धा आपल्याकडं नळाला काही दिवसाआड पाणी येतं हे इथं कुणाला सांगायची गरज नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणं तीस दिवस मिळतात. राजपत्रात, पेपरात नोटीस येते, ऑफिसात नकाशा लावतात. मग कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आता २०२२ च्या मार्चपासून बराच काळ आपल्याकडं निवडून आलेली सभा नव्हती, प्रशासक होते, आणि अशा काळात लोकांच्या बाजूनं त्या खोलीत बसणारं कुणी नसतं, त्यामुळं लेखी हरकतीचं वजन अजून वाढतं. समितीच्या अहवालानंतर बदल होतात, आराखडा सरकारकडं जातो, सरकारला मोठे बदल करायचे असतील तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. लोक पहिल्या वेळी जागे असतात आणि या दुसऱ्या वेळी झोपलेले असतात, आणि बऱ्याच आरक्षणांचं, म्हणजे शाळा, मैदान असल्या कामासाठी राखलेल्या जागांचं, खरं भवितव्य या दुसऱ्या फेरीत ठरतं.

मधल्या काळात छोटे बदल कलम ३७ खाली होतात, एका सर्व्हे नंबरचं आरक्षण बदललं, शेती झोनचा रहिवास झाला, असले. त्याचीही नोटीस येते, महिनाभर मुदत असते. नियमावलीतला बदल असेल तर सरकार स्वतः नोटीस काढतं, हरकती सहसंचालक, नगररचना, पुणे विभाग इथं पाठवायच्या असतात, आणि कधीकधी कलम १५४ चे निर्देश देऊन तो बदल लगेच लागूही करतात, सुनावणी मागाहून. हे मला पटत नाही. मागवाल्यानं एका दिवसाची मजुरी बुडवून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचं आणि तिथं पाच मिनिटं बोलायचं, तेही आधीच लागू झालेल्या नियमावर. सुनावणी सोलापुरात घ्या, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात घ्या, ही मागणी करायलाच पाहिजे. आणि पूर्व भागात तेलुगूत समजावून सांगा, कन्नडमध्ये सांगा, उर्दूत सांगा. इंग्रजी नोटीस आणि सरकारी मराठी यांच्या मध्ये आपल्या शहरातली फार माणसं अडकून राहतात.

हरकत लिहायची कशी, तर पुण्याचं उदाहरण लक्षात ठेवा, २०१३ च्या आराखड्यावर तिथं ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. संख्या मोठी, पण एकच छापील मजकूर शेकडो सह्यांनी दिला तर समितीपुढं मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा, भाग नकाशाची झेरॉक्स जोडा, आज जागेवर काय आहे त्याचे फोटो लावा, लाइट बिल लावा, किती वर्षं माग चालू आहेत ते लिहा, आणि काय चुकलं एवढंच नको, त्याऐवजी काय करा तेही लिहा. सुनावणीला हजर राहायचंय असं शेवटी स्पष्ट लिहा. आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं की आम्ही भाड्यानं राहतो, जागा आमच्या नावावर नाही, आम्हाला हरकत घेता येते का. घेता येते ताई. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं आहे, मालकच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. भाडेकरू देऊ शकतो, मागावर काम करणारा देऊ शकतो, तुमच्या गल्लीतल्या दहा बायका मिळून दहा वेगवेगळे अर्ज देऊ शकता, आणि तुमच्या अर्जात तुम्ही दिवसभर कुठं बसून काम करता, माल कुठून येतो, मुलं शाळेला कुठल्या रस्त्यानं जातात हे लिहिलंत तर ते त्या नकाशावर दुसऱ्या कुणाच्याच अर्जातून येणार नाही.