चुनखडी असताना जिप्सम कशाला?

नमस्कार मंडळी. पाऊस उघडला तरी ज्या वावरात पाणी जिरत नाही, आणि वाळल्यावर ढेकळं फुटता फुटत नाहीत, त्याला आपण चोपण म्हणतो. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत असे पट्टे लागतात. दुकानदार म्हणतो, "भाऊ, जिप्सम टाका." मग शेतकरी विचारतो, आणि बरोबर विचारतो, की माझ्या वावरात चुनखडीचे खडे पसरलेत, तर कॅल्शियम विकत कशाला घेऊ?

आधी हे खनिज बघू. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पण पाण्यासकट. शंभर किलो शुद्ध जिप्सममध्ये जवळपास 21 किलो पाणी असतं. हाताला मात्र ते कोरडंच लागतं, कारण पाण्याचे रेणू स्फटिकाच्या रचनेतच बसलेले असतात. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं. उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते गरम होत घट्ट होतं आणि पुन्हा जिप्सम बनतं. गणपतीच्या पीओपीच्या मूर्ती, हाडाचं प्लास्टर, शाळेतला खडू, सगळं त्यातलंच. कडकपणा इतका कमी की नखाने ओरखडा उठतो.

आपल्या खानदेशात याच्या खाणी का नाहीत? आपला काळा पाषाण लाव्हारसाचा. जिप्समचे थर साचतात ते खारं पाणी आटताना: आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, मीठ त्यानंतर. म्हणून ते राजस्थानात, नागौर-बिकानेर-जैसलमेरकडे सापडतं. मेक्सिकोत नाइका इथल्या खाणीत 2000 साली एक गुहा लागली. तिथे गरम पाण्यात हळूहळू वाढलेले जिप्समचे स्फटिक 11 मीटरपर्यंत लांब आहेत. एवढं मोठं आणि तरी नखाने ओरखडणारं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्याने कण विखुरतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. त्याला हटवायला विरघळलेलं कॅल्शियम लागतं. चुनखडीत कॅल्शियम आहे, पण साडेआठच्या वर सामू (म्हणजे पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) असलेल्या जमिनीत ती जवळजवळ विरघळतच नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. थोडंच, पण तेवढं पुरतं. कॅल्शियम मातीच्या कणांवर बसतं, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातो. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंगा धरणारे देठ) सुटताना जिप्सम देतात तेही याच कॅल्शियमसाठी. वर गंधक मिळतं.

पोतं घेतलं की चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळून बघा. जिप्सम फसफसत नाही, चुनखडीची भेसळ असेल तर फसफसतं. मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवा, शेजाऱ्याच्या वावरावरून नको. आणि सोडियम धुऊन जायला वाट हवी. चर नसतील तर आधी ते काढा, पोती नंतर आणा.