विभक्ती ओळखा, कंस सापडेल

(कोल्हापुरात शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आहेत, ती आधी वाचा. पहिलं : ‘एका संख्येच्या तिपटीतून ४ वजा केले.’ दुसरं : ‘एका संख्येतून ४ वजा करून जे उरलं त्याची तिप्पट केली.’ दोन्हींत तिप्पट आहे, वजा आहे, ४ आहेत. संख्येला क्ष म्हटलं, तर पहिल्या वाक्याची बैजिक राशी ३क्ष − ४ आणि दुसऱ्याची ३(क्ष − ४). क्षच्या जागी १० घाला. पहिलीतून २६ येतात, दुसरीतून १८. सातवीतल्या मुलाला वजाबाकी येते, गुणाकार येतो, तरी तो इथं अडतो. ‘तिपटीतून’ या शब्दातला ‘तून’ त्याने पाहिलेलाच नसतो.

उदाहरण मराठीत असेल तर कुठली क्रिया, कशावर आणि कोणत्या क्रमाने, हे सगळं विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सांगतात. ‘तून’ ज्याला लागतो त्याच्यातून वजा करायचं. ‘संख्येतून ७’ म्हणजे क्ष − ७, ‘७ मधून संख्या’ म्हणजे ७ − क्ष. ‘ने मोठी’, ‘ने लहान’ असं आलं की फरक आहे : ‘३ ने मोठी’ म्हणजे क्ष + ३. ‘पट’ आली की गुणाकार : ‘३ पट’ म्हणजे ३क्ष. आणि ‘जे उरलं त्याची’, ‘आलेल्या बेरजेची’ असं काही आलं की समजायचं, इथं कंस हवा. तो ‘त्याची’ म्हणजेच कंस. मुलांना तिथं पेन्सिलीने गोल करायला लावा.

आता सव्वापट. आपल्या भाषेत सव्वापट, दीडपट, अडीचपट हे शब्द घरात रोज वापरले जातात, आणि मुलं नेमकी त्यांच्यावर चुकतात. सव्वापटीसाठी क्ष + १/४ लिहितात. का, ते समजून घेऊ या. ‘सव्वादोन’ म्हणताना आपण दोनात पाव मिळवतो, आणि तो पाव एकाचा असतो. ‘सव्वाशे’ म्हणताना पाव शंभराचा असतो, म्हणून १२५. सव्वापट ही सव्वाशेच्या जातीची : पाव मिळवायचा तो क्षचा. म्हणून क्ष + क्ष/४, म्हणजे ५क्ष/४. मुलाला ‘पाव कशाचा?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

शिकवताना एक सोपी वाट घेतली जाते, तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ‘कमी दिसलं की वजा, जास्त दिसलं की अधिक’ असा तक्ता वर्गात लावतात. हे उदाहरण घ्या : ‘सुमनकडे मीनापेक्षा १२ रुपये कमी आहेत. सुमनकडे क्ष रुपये आहेत, तर मीनाकडे किती?’ तक्ता पाठ केलेला मुलगा क्ष − १२ लिहितो. ‘पेक्षा’ मीनाला लागलंय, म्हणजे मोजायला सुरुवात मीनापासून आहे आणि सुमन तिच्या १२ ने खाली आहे. क्ष सुमनचा आहे. मीना वर आहे, म्हणून क्ष + १२. शब्द ‘कमी’, चिन्ह अधिक. तो तक्ता भिंतीवरून काढा.

अक्षर कशाचं आहे, हा पुढचा मुद्दा. मिसळीच्या हॉटेलात समजा प्लेट ८० रुपयांना आणि जादा पाव १० रुपयांना. म प्लेट आणि प पाव घेतले तर बिल ८०म + १०प. मुलाला विचारा, म म्हणजे काय? तो म्हणेल, मिसळ. इथंच पाया कच्चा राहतो. म म्हणजे मिसळ नव्हे, मिसळीची किंमतही नव्हे. म ही प्लेटींची संख्या. म्हणून वहीत पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहून घ्यावी : ‘समजा, मिसळीच्या प्लेटींची संख्या म आहे.’ नुसतं ‘म = मिसळ’ चालवून घेऊ नये. वस्तूचं आद्याक्षर घेण्याने हा गोंधळ वाढतो, म्हणून सुरुवातीला क्ष, य बरे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अव्यक्त, म्हणजे किंमत माहीत नसलेल्या, संख्यांना ‘यावत्तावत्’, मग ‘कालक’, ‘नीलक’, ‘पीतक’ अशी नावं दिली आणि लिहिताना या, का, नी, पी एवढीच अक्षरं वापरली. सुट्या संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. यावत्तावत् म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. बाकीची काळा, निळा, पिवळा ही रंगांची नावं. त्यांचा उदाहरणातल्या वस्तूशी काही संबंध नाही.

वस्तू आणि संख्या यांतली गल्लत मोठ्यांचीही होते. ‘शाळेत शिक्षकांच्या ३० पट विद्यार्थी आहेत’ हे लिहा म्हटलं की पुष्कळ जण विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची श धरून ३०व = श लिहितात. शिक्षक दोन असले तर विद्यार्थी ६०. घालून बघा : ३० × ६० = २? म्हणजे उलटं झालंय; व = ३०श हवं. अमेरिकेत १९८० च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता, प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी असा, आणि तिथंही दर तिघांत एकाहून अधिक जणांचं चुकलं. डोक्यात ‘३० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक’ असं चित्र असतं आणि हात तेच चित्र जसंच्या तसं उतरवतो.

आता उसाचं उदाहरण, कारण आपल्या भागातल्या मुलाने काट्यावर उभा असलेला ट्रॅक्टर पाहिलेला असतो. भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर येतो, वजन होतं. ऊस उतरवून पुन्हा रिकाम्याचं वजन होतं. वजनातल्या फरकाचे पैसे. भरलेलं वजन भ टन, रिकामं र टन, दर टनाला द रुपये. रक्कम : द(भ − र). मुलं बऱ्याचदा दभ − र लिहितात. समजा भ = २२, र = ६, द = ३२००. खरी रक्कम १६ × ३२०० = ५१,२०० रुपये. कंस सोडला तर ७०,४०० − ६ = ७०,३९४. आकड्याआधी एककं बघायला शिकवा : दभ हे रुपये आहेत, र हे टन आहेत. रुपयांतून टन कसे वजा होतील? राशीतलं प्रत्येक पद एकाच एककात आलं पाहिजे. एककांची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कंसाच्या निम्म्या चुका तिथंच पकडता येतात, असं माझं मत आहे.

रिक्षाचं भाडं याहून अवघड आहे, पण ते जरूर घ्या. दर समजुतीसाठी : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १६. एकूण अंतर क किलोमीटर. घाईत २६ + १६क होतं, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा धरले. जादा अंतर आहे क − १.५, म्हणून २६ + १६(क − १.५). कंस सोडवला की १६क + २. या २ चा अर्थ मुलं विचारतील, विचारू द्या. रिक्षावाला कुठेही २ रुपये घेत नाही, ते २६ मधून २४ जाऊन उरले आहेत. म्हणून आधीचं रूप पुसू नका, त्यात उदाहरणाची गोष्ट दिसते. आणि ही राशी क किमान १.५ असेल तरच खरी. क = १ घातला तर १८ येतात, पण एक किलोमीटरलाही २६ च द्यावे लागतात. राशीशेजारी ही अट लिहायची सवय सातवीतच लागायला हवी.

दोन अंकी संख्येत मराठी बोलण्याचाच अडथळा येतो. आपण २५ ला ‘पंचवीस’ म्हणतो : आधी पाच, मग वीस. त्यामुळे ‘दशकस्थानी द, एककस्थानी ए’ दिलं की ऐकण्याच्या क्रमाने १०ए + द होतं, किंवा नुसतं दए, जो खरं तर गुणाकार आहे. बरोबर राशी १०द + ए. अंकांची अदलाबदल केली की १०ए + द, आणि फरक ९(ए − द). २५ आणि ५२ : फरक २७, म्हणजे ९ × ३.

राशी लिहून झाली की किंमत घालून तपासायची, पण कोणती किंमत? मुलं १ घालतात. ३क्ष + ४ ला ७क्ष म्हणणारा मुलगा १ घालतो, दोन्हीकडे ७ येतात आणि चूक पक्की बसते. क्ष + २ आणि २क्ष यांच्यात २ घातले तर दोन्हीकडे ४. ०, १, २ या किमती तपासणीला घेऊच नका. ७ घ्या, १० घ्या. १० घेतले की ३४ आणि ७० समोरासमोर उभे राहतात, आणि क्ष असलेलं पद सुट्या संख्येत का मिसळत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

गृहपाठाला उलटं द्या. ५०० − ३०न एवढंच फळ्यावर लिहा आणि मुलांना म्हणा, याचं कोल्हापुरातलं उदाहरण तयार करा. कोणी ५०० रुपयांची नोट घेऊन ३० रुपये डझनाने न डझन केळी आणेल, कोणी ५०० लिटरच्या टाकीतून मिनिटाला ३० लिटर पाणी सोडेल. मग विचारा, न किती मोठा चालेल? पूर्ण डझनच घ्यायचे असतील तर केळीवाल्याचा न १६ च्या पुढे जात नाही आणि तो पूर्ण संख्याच असतो. टाकीवाल्याचा साडेसोळासुद्धा चालतो.