रोज एक मिलिमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

‘नस’ हा शब्द आपण मराठीत फार सैलपणे वापरतो. सलाइनची सुई नसेत जाते, मानेत नस दबते आणि रात्री झोपेत पायाची नस चढते. यांतली पहिली रक्तवाहिनी, दुसरा मज्जातंतू आणि तिसरा बहुधा पोटरीत आलेला गोळा. आज मी फक्त दुसऱ्या नसेबद्दल, म्हणजे मज्जारज्जूतून निघून हातापायांपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूबद्दल बोलणार आहे, आणि तो तुटल्यावर स्टेम सेल, म्हणजेच मूळ पेशी, त्याच्या दुरुस्तीला कितपत उपयोगी पडतात हे सांगणार आहे.

पायाचा अंगठा उचलणाऱ्या पेशीचे ठाणे पाठीच्या कण्यात असते आणि तिथून निघालेला तिचा एकसंध धागा थेट पायापर्यंत पोहोचतो, त्यामुळे एकाच पेशीची लांबी जवळजवळ मीटरभर भरते. असा धागा कापला गेला, की कापापलीकडचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर हे दाखवून दिले. मात्र धाग्यांना वेढून असणाऱ्या आधाराच्या पेशी मागे उरतात; श्वान (Schwann) या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. मोडतोड साफ करून त्या रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात, मग त्यांच्याच वाटेने धाग्याचे टोक पुन्हा पुढे सरकू लागते. त्याचा वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर असतो.

हे टोक कुठवर आले, हे पाहण्याची रीत आजही फार साधी आहे. मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलकेच टिचकी मारत जायचे आणि ज्या जागी रुग्णाला पंजात मुंग्या आल्यासारखे वाटेल, तिथे पेनने खूण करायची. सगळे सुरळीत असेल, तर महिन्याने ती खूण सुमारे तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ही खूण 1915 मध्ये जर्मनीत पॉल हॉफमन आणि फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल यांनी स्वतंत्रपणे नोंदवली, तीही त्यांचे देश एकमेकांशी युद्ध करत असताना.

आता थोडा हिशेब करू. मनगटाला काच लागून मज्जातंतू कापला, तर अंगठ्याच्या स्नायूंपर्यंतचे अंतर काही सेंटिमीटरच असते आणि शिवल्यावर काही महिन्यांत धागे तिथे पोहोचतात. पण मोटारसायकलवरून पडून मानेजवळच मज्जातंतूंचे जाळे फाटले, तर पंजापर्यंत सुमारे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची वाट असते, आणि संदेश न मिळालेला स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांनंतर कायमचा निकामी होऊ लागतो. शिवाय श्वान पेशीही इतके दिवस ताज्या राहत नाहीत.

तुटलेली टोके ताण न देता जुळत नसतील, तर पोटरीमागून एक संवेदनेचा मज्जातंतू काढून मधल्या फटीत बसवतात, म्हणजे त्याचे रोपण करतात. त्याची किंमत म्हणजे पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि चपलेचा पट्टा तिथे घासतो आहे की नाही, हेही कळत नाही. मूळ पेशींचा विचार इथे येतो. अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांना श्वान पेशींसारखे वळण लावून, फटीतल्या नळीत किंवा रोपणात सोडायच्या, अशी ही कल्पना आहे. या पेशींपासून नवी नस तयार होते, असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. धागा वाढायचा तो कण्यातल्या मूळ मालकाकडूनच; या पेशी फक्त त्याच्या वाटेची डागडुजी करतात.

उंदरांमध्ये याचे निकाल चांगले आले आहेत. पण त्या प्रयोगांतली फट बहुधा दहा-पंधरा मिलिमीटरची असते, उंदराचे मज्जातंतू मुळातच जोमाने भरून येतात आणि त्याच्या पायात अंतर इतके थोडे, की स्नायू वाट पाहून थकतच नाही. आपली खरी अडचण तिथे उभीच राहत नाही. अमेरिकेत मायामी येथे मांडीचा मज्जातंतू तुटलेल्या दोन रुग्णांमध्ये, पोटरीतल्या मज्जातंतूच्या रोपणाबरोबर त्यांच्याच वाढवलेल्या श्वान पेशी वापरल्या गेल्या, आणि तो अनुभव 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांमध्ये सुधारणा दिसली, पण त्या मूळ पेशी नव्हत्या, आणि सुधारणेतला किती वाटा पेशींचा व किती नुसत्या रोपणाचा, हे दोन रुग्णांवरून ठरत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतले रोपण सोडले, तर मूळ पेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. तरीही इंजेक्शनांचे ‘पॅकेज’ विकले जाते. पैसे जातात ते जातातच, पण मला जास्त खटकतात ते त्यात गेलेले महिने. अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आलेल्या रुग्णाचा मज्जातंतू अजून जोडता येतो. दीड वर्षाने आलेल्याच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढेच उरते, की दुसऱ्या एखाद्या धडधाकट स्नायूची दोरी वळवून मनगट उचलण्याच्या कामाला लावायची.