यकृताच्या आतल्या सीमा

उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला खालून चिकटलेला हा तांबूस-तपकिरी अवयव. प्रौढ माणसात त्याचं वजन साधारण दीड किलो भरतं. पोट उघडलं की आधी नजर जाते ती यकृतावरच. तरीही त्याचे खरे भाग कोणते, हे नीट कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन रोममध्ये राहत होता. माणसाचं प्रेत चिरायची तिथे मुभा नव्हती, म्हणून त्याने माकडं, डुकरं, कुत्री तपासली. आतड्यांतला अन्नरस यकृतात येतो आणि तिथे त्याचं रक्त बनतं, असं त्याचं मत होतं. त्याच्या परंपरेत यकृताला पाच खंड असल्याचं मानलं गेलं. कुत्र्याच्या यकृतात असे सुटे खंड दिसतात, माणसाच्या नाही.

शरीररचनेचा अभ्यासक आंद्रेयास व्हेसालियस याने १५३८ च्या चित्रफलकांत हेच पाच खंडांचं यकृत काढलं. पुढे स्वतःच्या हातांनी माणसांची प्रेतं चिरताना त्याला वेगळंच दिसत गेलं, आणि १५४३ च्या ग्रंथात त्याने चित्र बदललं. गुरूच्या शब्दापेक्षा समोरच्या शरीरावर विश्वास ठेवायची ही हिंमत मला फार मोलाची वाटते.

मग रक्त बनवणारा अवयव म्हणून यकृताचं मोठेपणही गेलं. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण मांडलं. १६५१ मध्ये झाँ पेके याने दाखवून दिलं की आतड्यांतला दुधाळ रस यकृताला वगळून छातीतल्या नलिकेवाटे थेट हृदयाजवळच्या शिरेत पोहोचतो. डेन्मार्कच्या टोमास बार्टोलिनने तर यकृताचा मृत्युलेखच लिहिला! पण १६५४ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसनने यकृताच्या आतल्या वाहिन्यांचा माग काढला, आणि पुढचं सगळं त्याच वाटेने घडलं.

बाहेरून पाहिलं, तर विळ्याच्या आकाराचा एक पातळ पडदा यकृताचे दोन भाग करतो. उजवा मोठा, डावा लहान. पाठ्यपुस्तकांत हीच सीमा होती. ह्यूगो रेक्स यांनी १८८८ मध्ये आणि जेम्स कँटली यांनी १८९७ मध्ये वाहिन्यांच्या आधारे दाखवलं की खरी मधली रेषा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेकडे जाते. पृष्ठभागावर तिची खूणही नसते.

पॅरिसचे शल्यविशारद क्लोद क्विनो यांनी पन्नाशीच्या दशकात वाहिन्यांत प्लास्टिक भरलं, भोवतालची ऊती विरघळवून टाकली आणि उरलेला साचा अभ्यासला. झाडाच्या फांद्यांसारखा तो साचा आठ भागांत वाटलेला होता. प्रत्येक भागाला पोर्टल व्हेनची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेची), धमनीची आणि पित्तनलिकेची आपापली शाखा. रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरा मात्र या भागांच्या मधून धावतात.

शस्त्रक्रियेसाठी याचा अर्थ फार मोठा होता. यकृत कापायचं म्हणजे रक्तस्रावाची धास्ती. आता एका भागाच्या शाखा बांधून तेवढाच भाग काढता येऊ लागला, शेजारच्या भागाचा रक्तपुरवठा न तोडता. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये एका आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवला गेला. जिवंत दात्याकडून झालेलं ते पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण.

क्विनो यांचा नकाशा आजही वापरात आहे. पण वाहिन्यांच्या शाखा माणसागणिक वेगळ्या फुटतात. त्यामुळे दात्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी स्कॅनवरून त्या एका माणसाच्या शिरा, धमन्या आणि पित्तनलिका पुन्हा तपासून घेतात.