तिरंगा हाती धरलेला कप्तान

नमस्कार श्रोतेहो.

मार्च १९४८मध्ये सांगली संस्थान भारतात विलीन झालं. माझे आजोबा तेव्हा कारकून होते. ते सांगायचे, "पुढं कितीतरी दिवस हात जुन्याच शिक्क्याकडे जायचा." आपण भारताचे झालो, हे कागदावर उमटलं होतं. मनाला मात्र वेळ लागत होता. देशाची राज्यघटनाही अजून तयार व्हायची होती.

त्याच वर्षी, ३१ जुलैला, स्वतंत्र भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. लंडन ऑलिंपिक, इलफर्डचं मैदान, समोर फ्रान्स. आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी! हो, अनवाणी. लाल मातीतल्या कुस्तीच्या आपल्या मुलखात अनवाणी पायाचं बळ मी काय सांगावं? मॅट आली म्हणून गावोगावचे मातीचे आखाडे ओस पाडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून त्या लंडनला गेले होते.

तर सामना. पहिला गोल फ्रान्सचा. आपल्याला पेनल्टी मिळाल्या दोन. दोन्ही हुकल्या. श्रोतेहो, दोन्ही! तरी सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामननं बरोबरी साधली. एक-एक. अनवाणी पोरांनी फ्रान्सला रोखून धरलं होतं. आणि खेळ संपता संपता फ्रान्सनं दुसरा गोल केला. दोन-एक. हरलो आपण.

आता कप्तान कोण, ते ऐका. तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतले, म्हणजे आजच्या नागालँडचे, कलकत्त्यात डॉक्टरी शिकलेले. त्यांच्याच टेकड्यांत नागा नॅशनल कौन्सिल या नागांच्या राजकीय संघटनेनं १४ ऑगस्ट १९४७ला आपलं वेगळं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. आणि लंडनच्या संचलनात भारताचा तिरंगा आओंच्या हाती होता. पुन्हा सांगतो, तिरंगा नागा टेकड्यांतल्या माणसाच्या हाती होता. गोल मारणारा रामन बंगळूरचा, बचाव फळीत शैलेन मन्ना बंगालचे. अंगावर जर्सी मात्र सगळ्यांच्या एकच.

पुढे १९५१च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत आपण इराणला हरवून सुवर्ण जिंकलं. पण मला इलफर्डच जवळचं वाटतं.

आओ नंतर आपल्या मुलखात परतले आणि डॉक्टर म्हणून राबले. हे सगळं मी आजोबांना सांगितलं, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. त्यांनी ते नाव कधीच ऐकलं नव्हतं. त्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग स्वतः सावकाश म्हणून पाहिलं, "तालिमेरेन आओ."