लाकडी घरं आणि ती राखणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीला जाऊन आलेली आपली माणसं बहुधा म्युनिकबद्दल, बर्लिनबद्दल बोलतात. नोकरीसाठी गेलेली स्टुटगार्टबद्दल नाहीतर फ्रँकफर्टच्या विमानतळाबद्दल. मी आज बोलणार आहे ते तिथल्या छोट्या, जुन्या गावांबद्दल. मधोमध बाजारचौक, चौकात नगरपालिकेची जुनी इमारत, जवळच चर्चचा मनोरा आणि भोवताली मध्ययुगात आखल्या गेलेल्या, अजूनही तशाच वळत जाणाऱ्या गल्ल्या. या गावांची मला मनापासून ओढ आहे. तिथे निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: घरं बघाल, फोटो काढाल, ते काढाच, पण ही घरं कोणी राखली, हेही विचारा. आपोआप टिकलेलं असं तिथे फार थोडं आहे.

हार्त्स नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग हे गाव आहे. पूर्वीच्या पूर्व जर्मनीचा हा भाग. वस्ती वीस हजारांच्या थोडी वर, आणि लाकडी सांगाड्याची जुनी घरं दोन हजारांहून जास्त. या बांधकामाला जर्मन लोक फाखवेर्क म्हणतात. ओकच्या जाडजूड खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा आधी उभा राहतो, घराचा सगळा भार तोच पेलतो. मग चौकटींमधल्या मोकळ्या जागा काठ्या-डहाळ्या विणून, वर गवत कालवलेली माती लिंपून बुजवायच्या. कोकणात कारवीचा कूड लिंपतात, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे त्या कुडाच्या भिंती तीन-तीन, चार-चार मजले चढलेल्या आहेत.

चौकातून कुठल्याही गल्लीत शिरा आणि एका घरासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा हातभर पुढे आलेला दिसेल, त्याच्या वरचा आणखी पुढे. गावकुसाच्या आत जागा थोडी, म्हणून जमीन न वाढवता खोली वाढवायची ही युक्ती. शिवाय वरचा मजला पुढे आला की खालच्या मातीच्या भिंतीवर पावसाचा मारा कमी होतो. मजल्याच्या आडव्या तुळईवर बऱ्याचदा कोरलेली अक्षरं असतात: घर बांधल्याचं साल, मालकाचं नाव, कधी बायबलातलं वचन, आणि कितीतरी ठिकाणी सुताराचंही नाव. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याने घर उभं केलं त्याचं नाव रस्त्यावरून चालणाऱ्या कोणालाही वाचता येतं.

आणखी जवळ जा. काही लाकडांवर पटाशीने केलेल्या रेघा सापडतील, रोमन आकड्यांसारख्या. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून जुळवून बघायचे, कुसू खाचेत नीट बसतंय ना हे तपासायचे, प्रत्येक लाकडावर खूण करायचे आणि मग सांगाडा सुटा करून जागेवर उभा करायचे. सांधे पक्के करायला लाकडी खुंट्या. शेकडो वर्षांपूर्वीची ती खूण आजही दुरुस्ती करणाऱ्याला सांगते की हे लाकूड कुठलं, त्याचा जोडीदार कोण.

वोर्डगासे नावाच्या गल्लीत तीन नंबरचं एक बुटकं घर आहे, चौदाव्या शतकातलं. त्याचे खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत अखंड जातात. मजल्यावर मजला चढवण्याची पद्धत रूढ होण्याआधीची ही रीत. १९६५ पर्यंत त्या घरात माणसं राहत होती. आता तिथे फाखवेर्कचं संग्रहालय आहे. गावात वेळ कमी असेल तर सगळ्यात आधी इथे जा, म्हणजे पुढची घरं वाचता येतील.

गावाच्या एका टोकाला वालुकाश्माचा उंच खडक आहे आणि त्यावर सेंट सर्व्हेशियसचं चर्च. जर्मन राजा पहिला हाइनरिश ९३६ मध्ये वारला, त्याला इथे पुरलं. त्याची राणी माटिल्डे हिने त्याच वर्षी इथे सरदार घराण्यांतल्या स्त्रियांसाठी एक मठ स्थापन करवला. श्रोतेहो, ही गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. साडेआठशेहून अधिक वर्षं, म्हणजे १८०३ च्या आसपास तो मठ विसर्जित होईपर्यंत, या ठिकाणची सत्ता मठाधिपती स्त्रियांच्या हाती होती. त्या जमिनी सांभाळत, न्याय देत, पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत त्यांना स्थान होतं. व्यापाऱ्यांना ते नेहमीच रुचलं असं नाही. चौकात नगरपालिकेसमोर रोलांड नावाच्या वीराचा दगडी पुतळा आहे, तो गावाच्या स्वातंत्र्याची खूण. १४७७ मध्ये मठाधिपती हेडविगने आपल्या भावांचं सैन्य आणून गावाला नमवलं आणि तो पुतळा पाडला. तो पुन्हा उभा राहिला १८६९ मध्ये.

याच गावात १७१५ मध्ये डोरोथिया एर्क्सलेबेन जन्मली. वैद्यकी ती वडिलांकडून शिकली. संसार आणि मुलं सांभाळत रुग्ण तपासत राहिली आणि १७५४ मध्ये हाले विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी जर्मनीतली पहिली स्त्री ठरली.

टेकडीवरच्या चर्चने वाईट दिवसही पाहिले. नाझींना हाइनरिश राजाचं भारी प्रेम होतं. १९३६ मध्ये त्याच्या मृत्यूला हजार वर्षं झाली तेव्हा एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याने इथे मोठा सोहळा केला, आणि पुढे एसएसने चर्च ताब्यात घेऊन तिथली उपासनाच बंद पाडली. युद्ध संपताना चर्चचा खजिना एका गुहेत लपवलेला होता. एका अमेरिकन सैनिकाने त्यातल्या वस्तू चक्क टपालाने टेक्ससला घरी पाठवल्या! त्यात सोन्याच्या शाईने लिहिलेलं नवव्या शतकातलं एक शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं पुस्तकही होतं. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी ते विकायला काढलं तेव्हा वाचा फुटली. तडजोड होऊन १९९३ मध्ये हा ऐवज परत आला, आणि आता तो चर्चमध्येच पाहायला मिळतो.

आता घरांकडे परत येऊ. पूर्व जर्मनीच्या काळात ही लाकडी घरं पाडून तिथे नवा समाजवादी चौक करायचा बेत होता. सरकारकडे तेवढा पैसा नव्हता म्हणून तो बारगळला. पण पैसा नव्हता म्हणजे दुरुस्तीलाही नव्हता. छपरं गळत राहिली, तुळया कुजत गेल्या, लोक नव्या वसाहतींमधल्या गरम पाण्याच्या घरांत राहायला गेले. त्यांना दोष कसा द्यायचा? काही घरं पाडली गेली आणि त्या जागी सिमेंटचे ठोकळे आले. काहींवर पोलंडहून आलेल्या कारागिरांनी नेटाने काम केलं. १९८९ मध्ये राजवट कोसळली नसती, तर आज आपण बघतो त्यातलं कितीतरी उरलं नसतं. १९९४ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

त्यानंतरचं काम मला त्या यादीपेक्षाही मोठं वाटतं. १९९९ मध्ये इथे तरुणांसाठी एक योजना सुरू झाली आणि मग ती देशभर पसरली. सोळा ते सव्वीस वर्षांची मुलंमुली वर्षभर कारागिरांच्या हाताखाली काम करतात: माती मळणं, चुना लावणं, कुजलेल्या तुळईचा तेवढाच तुकडा कापून नवं ओक सांधणं. सिमेंटचा गिलावा जुन्या लाकडाचा शत्रू, कारण तो ओल आत कोंडून ठेवतो आणि लाकूड आतल्या आत सडतं. ज्या मुलाने एकदा अशी भिंत हाताने लिंपली, तो आयुष्यभर घराकडे वेगळ्या नजरेने बघणार.

क्वेडलिनबुर्ग सोडण्यापूर्वी समोरच्या म्युन्त्सेनबेर्ग नावाच्या टेकाडावर चढा. तिथे दहाव्या शतकातला जोगिणींचा एक मठ होता. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात तो उजाड झाला. मग फिरते वादक, कल्हईवाले, मजूर अशी गोरगरीब माणसं येऊन राहिली आणि त्यांनी चर्चच्या पडक्या भिंतींचाच आधार घेऊन चिमुकली घरं बांधली. चर्चचं तळघर घराघरांत वाटलं गेलं, कोणी त्यात बटाटे ठेवले, कोणी लाकूडफाटा. आता तो भाग बराचसा मोकळा करून संग्रहालय केलं आहे. आणि वरच्या घरांत आजही लोक राहतात, खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवतात.

पोलंडच्या सीमेवर, नाइसे नदीकाठी ग्योर्लिट्स आहे. हे जरा मोठं शहर, पण जुना भाग पायी फिरण्याजोगा. युद्धात ते जवळजवळ शाबूत राहिलं. शहरात संरक्षित इमारती सुमारे चार हजार! १९९५ पासून दरवर्षी कोणी एक अज्ञात दाता जुन्या शहराच्या दुरुस्तीसाठी दहा लाख मार्क देत असे, युरो आल्यावर तेवढेच पैसे युरोत. अट एकच, माझा शोध घ्यायचा नाही. २०१६ पर्यंत ही मदत येत राहिली. शहराने शब्द पाळला. चौकाच्या कडेला एका दाराला कुजबुजती कमान म्हणतात. एका बाजूला दगडाशी तोंड नेऊन हळूच बोललं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ऐकू येतं. मुलांना घेऊन जात असाल तर इथून लवकर निघायची आशा ठेवू नका. मग २००४ मध्ये पुन्हा उघडलेल्या पादचारी पुलावरून पलीकडे पोलंडमध्ये जाऊन जेवा.

रोटेनबुर्ग तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेलंच असतं. बव्हेरिया प्रांतातलं हे गाव सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धानंतर खंक झालं. पैसा नाही म्हणून नवं काही बांधलं गेलं नाही आणि जुनं तसंच राहिलं. तरी जे दिसतं ते सगळं जुनं नाही. ३१ मार्च १९४५ ला पडलेल्या बॉम्बनी गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. पूर्वेकडची घरं नंतर जुन्या धाटणीने बांधलेली आहेत. तटावरून चालताना भिंतीत नावांचे दगड दिसतात, ती जगभरच्या देणगीदारांची नावं. त्यांनी तटाचा एकेक मीटर उभा करायला पैसे दिले. दुपारी तिथे फार गर्दी असते, म्हणून रात्री मुक्काम करा.

या गावातली ज्यूंची जुनी गल्लीही जरूर पाहा. तेराव्या शतकात रब्बी मेइर हे मोठे विद्वान इथे शिकवत. १५२० मध्ये ज्यूंना गावातून हाकललं आणि १९३८ च्या ऑक्टोबरात, परत वसलेल्यांना पुन्हा. जर्मनीतल्या बऱ्याच गावांत फरसबंदीत पितळेचे छोटे चौकोन बसवलेले दिसतात. त्यावर नाझींच्या काळात त्या दारातून नेल्या गेलेल्या माणसाचं नाव असतं. सुंदर घरांकडे बघताना नजर वर असते. ती खालीही जाऊ द्या.

न्योर्डलिंगनबद्दल मात्र खास आपल्यासाठी सांगायचंय. हे गाव एका विवरात वसलेलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे अशनी आदळला आणि जवळपास २४ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. बुलढाण्यातलं लोणार त्याच जातीचं. तेही आघाताने झालेलं, आणि तेही एके काळी ज्वालामुखीचं मानलं जाई. लोणारचा व्यास दोन किलोमीटरच्या आत, पण ते बेसाल्टमध्ये आहे म्हणून अभ्यासकांना अतिशय मोलाचं. न्योर्डलिंगनचं कोडं १९६० च्या सुमारास सुटलं, तिथल्या दगडात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज सापडलं तेव्हा. गंमत अशी की त्याच आघातात घडलेल्या दगडाने गावकऱ्यांनी आपलं चर्च बांधलं होतं. त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरे आहेत. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी इथले खडक ओळखायला शिकून गेले.

चर्चच्या मनोऱ्याला गावकरी लाडाने डानिएल म्हणतात. साडेतीनशे पायऱ्या चढून गेलात की लाल कौलांचं गोल गाव आणि त्याभोवतीचा गोल तट दिसतो. तो तट पूर्णच्या पूर्ण चालता येतो, छपराखालून, पावणेतीन किलोमीटर. मनोऱ्यावर अजून पहारेकरी असतो आणि रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने तो खाली हाळी देतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. या गावांना जलद गाड्या सहसा थांबत नाहीत. साध्या प्रादेशिक गाड्यांनी जायचं. २०२३ मध्ये सुरू झालेलं महिन्याचं एक तिकीट देशभरातल्या अशा गाड्यांना आणि शहरांतल्या बसना चालतं, त्याची किंमत दरम्यान वाढली आहे, निघताना पाहून घ्या. चाकांची बॅग फरसबंदीवर ओढणं अवघड, तेव्हा सामान कमी आणि बूट चांगले. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. क्वेडलिनबुर्गहून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी हार्त्सच्या जंगलात जाते, तीही घ्या. डिसेंबरात तिथे नाताळआधीच्या काही शनिवार-रविवारी लोक आपल्या घरांची आतली अंगणं सगळ्यांसाठी उघडतात.

पण तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर निवडा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देशभर जुन्या वास्तूंचा दिवस पाळतात. एरवी बंद असलेली हजारो घरं, गिरण्या, तळघरं त्या दिवशी उघडी असतात, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आणि घरमालक किंवा सुतार स्वतः उभा राहून कुठली तुळई कधी बदलली ते दाखवतो. त्याला प्रश्न विचारा. जर्मन तोडकंमोडकं असलं तरी चालेल.

नमस्कार.