दिवा विझला, पण हवा भरलीच नव्हती

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, मानपाड्याजवळ माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे माझं रोजचं काम. आज बोलायचंय ते गाडीच्या डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्याबद्दल. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. ती नाल नाही बरं का, टायर मधोमध कापला तर जसा दिसेल, त्याचं ते चित्र आहे. टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी शटर उघडलं, तोच एक काका गाडी घेऊन आले. गाडीत काकू, सून आणि दोन नातवंडं. पुण्याला लग्नाला निघालेले. म्हणाले, "मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं वाटतंय, बघता का?" पातलीपाड्याहून आलेले, म्हणजे टायर अजून थंडच होते. मी हवेचा दाब मोजायचा गेज लावला. मागचं डावं २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), उजवं २४, पुढची दोन्ही २५. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर लिहिलं होतं ३३, आणि गाडी भरलेली असेल तर मागे ३६.

मी विचारलं, "काका, दिवा लागला नाही का?" ते म्हणाले, "लागला होता ना, आठ-दहा दिवसांपूर्वी. मग ते बटण दाबलं, गेला."

मला घाम फुटला. ऐरोलीवरून कळंबोली आणि पुढे एक्स्प्रेसवे. मे महिन्याचं ऊन, तापलेलं काँक्रीट, ताशी १००चा वेग आणि २२ची हवा.

त्या बटणाने काय झालं ते नीट समजून घ्या. काकांच्या गाडीत टायरच्या आत हवा मोजणारं काहीच नाही. ब्रेकच्या एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. एखाद्या टायरमधली हवा गेली की तो किंचित दबतो, त्याचा घेर थोडा कमी होतो, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडीतला संगणक चारही चाकांचे फेरे ताडून बघतो आणि एखादं चाक वेगळं वागलं की दिवा लावतो. पण हा फरक अगदी बारीक, कारण रेडियल टायरच्या आतला पोलादी पट्टा घेर फारसा घटू देत नाही. चारही टायर महिनोन्महिने सारखेच उतरत गेले तर ताडायला वेगळं चाक उरतच नाही. नव्या गाड्यांत टायरची थरथरही तपासतात, त्यामुळे थोडी सुधारणा झालीय. पण नेहमीची हवा कोणती, हे गाडीला आपणच शिकवायचं असतं. ते शिकवायचं बटण म्हणजे रीसेट. आधी हवा भरायची, मग बटण. काकांनी हवा न भरता बटण दाबलं. म्हणजे गाडीला सांगितलं, की आजची ही उतरलेली हवा हीच बरोबर. गाडीने ऐकलं आणि दिवा विझवला.

या यंत्रणेच्या दुसऱ्या प्रकारात सेन्सर खरोखर टायरच्या आत असतो, वॉल्व्हच्या बुडाशी रिमवर बसवलेला. तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओलहरींनी गाडीला कळवतो, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा पडद्यावर दिसतो. हा प्रकार मला जास्त पसंत आहे. खिळा घुसून हवा हळूहळू जात असेल तर कोणत्या चाकातून ते लगेच कळतं. पण बॅटरी वाचवायला गाडी उभी असताना हे सेन्सर बहुधा झोपलेले असतात. सकाळी किल्ली फिरवल्या फिरवल्या दिसणारा आकडा कालचाही असू शकतो, थोडं अंतर चालवल्यावर खरा येतो. बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि सहसा बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग लागून राहिला, तर बहुधा हवा नाही, यंत्रणाच बिघडलेली असते. आणि एक विनंती. पंक्चर काढायला द्याल तेव्हा आत सेन्सर आहे हे आधी सांगा. टायर रिमवरून सोडवताना मशीनचा फाळ वॉल्व्हजवळ लागला तर सेन्सर तुटतो.

आता मुख्य मुद्दा. दिवा लागतो कधी? अमेरिकेचा नियम म्हणतो, हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी होईपर्यंत दिवा लागला पाहिजे. युरोपात २० टक्के. आता ३३मधून २५ टक्के काढा, उरतात पावणेपंचवीस. म्हणजे २६ची हवा घेऊन तुम्ही महिनाभर फिरलात आणि दिवा लागला नाही, तरी यंत्रणा अमेरिकेच्या नियमात बसते. टायर मात्र मरत असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. त्यातून उष्णता तयार होते. उष्णतेने रबर आणि आतले पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात. माझ्याकडे येणारे कितीतरी फुटलेले टायर आतून बघितले तर बाजूच्या भिंतीवर रबराचा काळा भुगा असतो. तो भुगा एका दिवसात होत नाही.

चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. शिवाय तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. म्हणून जानेवारीत पहाटे दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. लोक म्हणतात सेन्सर खराब आहे. सेन्सर चांगला आहे, हवा काठावर आली आहे. भर दुपारी पनवेलहून आल्या आल्या पंपावर ३३ भरून घेतलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती २९-३० भरेल. हवा तपासायची ती गाडी तीन तास उभी राहिल्यावर, सकाळी. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून काढूही नका.

गाडीत किती माणसं बसलीत, किती सामान आहे, हे या यंत्रणेला कळत नाही. टायर किती जुना आहे तेही नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बाजूला फुगा आला असेल तर दिवा गप्पच राहतो, आणि खड्ड्यात आपटून टायर एका क्षणात फुटला, तर इशारा द्यायला वेळच मिळत नाही.

तर काकांची गाडी. पंक्चर कुठेच नव्हतं. जानेवारीनंतर हवाच तपासली नव्हती, इतकंच. पुढे ३३, मागे ३६ भरली. मग मी डिकी उघडायला सांगितली. २०२०च्या नियमानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. काकांकडे स्टेपनी होती. बॅगा काढल्या, गेज लावला, १४ निघाली. स्टेपनीवर कुठलाच दिवा लक्ष ठेवत नव्हता.

तीही भरली. धाकट्या नातवाच्या हातात गेज दिला. त्याने चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, काकांनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतले, आणि मग ते बटण दाबलं.